फ्युरिनची अँटिबॉडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरमध्ये घेतलेली फ्युरिनची (इतर प्रथिने कापून त्यांना कार्यक्षम करणाऱ्या एन्झाइमला ओळखून चिकटणारी) अँटिबॉडी या आठवड्यात संपत आली आहे. मार्चमध्ये हा अभिप्राय लिहिला असता तर तो फार कडवट झाला असता, आणि मुख्य मुद्द्यावर चुकीचाही ठरला असता.

सशापासून केलेली ही पॉलिक्लोनल (एकाच प्रथिनाचे अनेक भाग ओळखणारी) अँटिबॉडी 100 मायक्रोलिटरला 42,000 रुपयांना पडली. 1:1000 प्रमाणात एका ब्लॉटला (प्रथिने आकारानुसार वेगळी करून मेंब्रेनवर घेतात, तिथे अँटिबॉडी हव्या त्या प्रथिनाचा पट्टा दाखवते) 5 मिलिलिटर द्रावण लागते, म्हणजे नळीत 20 ब्लॉट आणि प्रत्येकी 2,100 रुपये. गोव्यातील ताळगावच्या पठारावरील आमच्या लहान लॅबला हा खर्च सोसणारा नसल्यामुळे पातळ केलेले द्रावण सोडियम अझाइड घालून 4 अंशांवर ठेवले आणि तीनदा वापरले. तिसऱ्या वेळी पट्टा फिका येतो, तरी वाचता येतो. अझाइड एचआरपीला (दुय्यम, म्हणजे पहिलीला चिकटणाऱ्या अँटिबॉडीवरचे पट्टा उजळवणारे एन्झाइम) निकामी करते, म्हणून दुय्यम अँटिबॉडीपूर्वी मेंब्रेन नीट धुणे मात्र टाळू नये.

वाद झाला तो लोवो पेशींवरून. मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून आलेल्या या पेशींमध्ये कार्यक्षम फ्युरिन नसते, त्यामुळे नकारात्मक नियंत्रणासाठी (जिथे पट्टा येऊच नये अशा नमुन्यासाठी) त्या योग्य, असे मी धरून चालले होते. हेक पेशींमध्ये (प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या मानवी पेशी) 98 किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचे एकक) आसपास सुरेख पट्टा आला, पण लोवोच्या रांगेतही जवळपास त्याच जागी दुसरा ठळक पट्टा उभा राहिला. मी तीन वेळा ब्लॉट केला, ब्लॉकिंगसाठी दुधाच्या भुकटीऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातील प्रथिन) वापरून पाहिले, आणि शेवटी पुरवठादाराला तक्रार लिहिली. "मॅडम, तुमच्या पेशी मिसळल्या असतील," एवढेच उत्तर आले, आणि त्यासोबत माहितीपत्रकातलेच चित्र पुन्हा पाठवण्यात आले. त्या दिवशी मी ही अँटिबॉडी बिनविश्वासाची ठरवून टाकली होती.

तो निर्णय मी आता मागे घेते. लोवोमधील फ्युरिनचे दोष 1993 आणि 1995 मध्ये उलगडले: जनुकाच्या एका प्रतीत वाचनाची चौकट सरकलेली आहे, म्हणजे पुढचा क्रमच बिघडतो, तर दुसऱ्या प्रतीत एकच अमिनो आम्ल बदललेले आहे. या दुसऱ्या प्रतीपासून प्रथिन तयार होते, पण ते स्वतःची कात्री स्वतःवर चालवून परिपक्व होऊ शकत नाही. म्हणजे लोवोमध्ये फ्युरिनचे काम नसते, प्रथिन मात्र असते. माझे जुने ब्लॉट पुन्हा काढून पाहिले तेव्हा लोवोचा पट्टा हेकच्या पट्ट्यापेक्षा किंचित वर होता. पुढचा तुकडा न कापलेल्या रूपाचा तो तसाच असायला हवा. अँटिबॉडीने बरोबर उत्तर दिले होते. मी प्रश्न चुकीच्या पेशींना विचारला होता.

तरीही या गोंधळात गेलेल्या दोन महिन्यांचा दोष मी माहितीपत्रकावर ठेवते, आणि या एका गोष्टीवर माझा राग अजून गेलेला नाही. त्यात प्रतिजनाविषयी (ज्या भागाविरुद्ध अँटिबॉडी तयार केली त्याविषयी) फक्त "मानवी फ्युरिनचा आतील भाग" एवढेच छापले आहे. फ्युरिन 794 अमिनो आम्लांचे आहे आणि त्याचा प्रारंभीचा तुकडा 107 व्या आर्जिनिननंतर तुटतो. अँटिबॉडी त्या तुकड्याविरुद्ध असेल तर परिपक्व एन्झाइम तिला दिसणारच नाही, आणि पेशीद्रवातील शेपटीविरुद्ध असेल तर पेशीबाहेर सुटलेले रूप दिसणार नाही. कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत, हे छापायला एक ओळ पुरते. पाच ईमेलनंतर "उत्प्रेरक भागातील क्रम" एवढे उत्तर मिळाले, आणि त्यानंतर पेशींच्या माध्यमातील पट्टा थोडा खाली का येतो हेही उमगले.

खरी पारख एसआयआरएनएने (फ्युरिन बनणे थांबवणाऱ्या आरएनएच्या छोट्या तुकड्यांनी) झाली. 72 तासांनंतर हेकमधील 98 चा पट्टा जवळजवळ नाहीसा झाला, तर 60 किलोडाल्टनच्या जवळ दिसणारा आगंतुक पट्टा तसाच राहिला. त्यामुळे हा खालचा पट्टा फ्युरिनचा नाही असे मी धरते आणि अहवालात कापून न टाकता पूर्ण मेंब्रेन दाखवते. इम्युनोफ्लुरेसन्ससाठी (पेशीत प्रथिन कुठे आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली चमकवून पाहण्यासाठी) मात्र ही घेऊ नये. ट्रान्स-गॉल्जीऐवजी (पेशीतला फ्युरिन असण्याचा नेहमीचा भाग) साऱ्या पेशीभर उजळ धुके दिसले आणि त्यात नळीतला बराच माल वाया गेला.

जूनमध्ये एका रात्री मुसळधार पावसात वीज गेली आणि जनरेटरही चालू झाला नाही; सकाळी उणे 20 च्या फ्रीझरमधील बर्फाच्या पिशव्या पाणी झालेल्या होत्या. अँटिबॉडी 50 टक्के ग्लिसरॉलमध्ये असल्याने मुळात गोठतच नाही, म्हणून गोठणे-वितळणे तिच्या वाट्याला आले नाही. दुसऱ्या दिवशीचा ब्लॉट मेमधल्या ब्लॉटसारखाच स्वच्छ आला, आणि तो पाहताना मला मनापासून आनंद झाला.

हीच अँटिबॉडी पुन्हा मागवली आहे. पार्सल बंगळूरहून अनमोड घाटातून येईल. लॉट क्रमांक वेगळा असणार, म्हणून जुन्या नळीतले शेवटचे 5 मायक्रोलिटर दोन्ही लॉट एकाच दिवशी, एकाच लायसेटवर (पेशी फोडून मिळालेल्या द्रावणावर) शेजारी शेजारी चालवण्यासाठी राखून ठेवले आहेत.