एक्सडीकॅम डिस्क कॅमेऱ्यावर सलग शूटिंग : खान्देशात काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

सोनीचा पीडीडब्ल्यू-७००, म्हणजे कार्डाऐवजी एक्सडीकॅम डिस्कवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा, सेकंडहँड घेऊन आता बरेच महिने झाले, सप्ताहाचा एक अख्खा सीझन त्यावर काढला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. जळगाव-धुळ्याकडचे शूटिंगवाले मित्र सारखे विचारतात की कार्डाच्या जमान्यात एवढा मोठा डिस्कवाला कॅमेरा कशाला घेतला भो? माझ्याकडे एकच उत्तर आहे, सलग रेकॉर्डिंग.

माझं बहुतेक काम म्हणजे गावोगावचे हरिनाम सप्ताह, श्रावणात कानबाई देवीचा उत्सव, आणि आपले अहिराणी कार्यक्रम. कीर्तन दोन तास चालतं आणि रंगतं ते शेवटच्या अर्ध्या तासात. मिनी डीव्हीच्या काळात ६० मिनिटाची टेप, ती बदलेपर्यंत महाराजांचा दृष्टांत निम्मा निघून जायचा. नंतर डीएसएलआर आले तर त्यातले कितीतरी २९ मिनिटं ५९ सेकंदाला आपोआप बंद, आणि उन्हाळ्यात त्याआधीच गरम होऊन बसायचे. गावातली म्हातारी माणसं तेच कीर्तन वर्षभर लावून ऐकतात, मधलं एक वाक्य गेलं तरी त्यांना कळतं, आणि त्यांनी विश्वासाने काम दिलेलं असतं.

आता डिस्कचं सांगतो. ही दिसायला सीडीएवढीच, १२ सेंटिमीटरची, पण प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये बंद, निळ्या-जांभळ्या लेझरने लिहिली जाते. एक थरवाली २३ जीबीची आणि दोन थरवाली ५० जीबीची मिळते. एचडी ४२२ क्वालिटीत, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिट (५० एमबीपीएस) लिहिताना, लहान डिस्कवर साधारण ४३ मिनिटं आणि मोठीवर ९५ मिनिटं. म्हणजे कीर्तनाला एक डिस्क पुरत नाही, बदलावी लागतेच, आणि खरी मजा तिथेच आहे. मेनूत डिस्क एक्स्चेंज कॅश नावाचं फंक्शन आहे, ते चालू ठेवलं की डिस्क बाहेर काढल्यावर चित्र आणि आवाज कॅमेऱ्याच्या मेमरीत जमा होत राहतो, सुमारे ३० सेकंद, तेवढ्यात दुसरी डिस्क आत गेली की जमलेलं सगळं तिच्यावर उतरतं आणि रेकॉर्डिंग पुढे चालू.

प्रत्यक्षात कसं होतं बघा. व्ह्यूफाइंडरमध्ये उरलेला वेळ कमी व्हायला लागला की माझा पोऱ्या दुसरी डिस्क कव्हरमधून काढून तयार राहतो, कार्ट्रिजचं रेकॉर्ड लॉक उघडं आहे का ते बोटाने चाचपून बघतो. मी एका हाताने फ्रेम धरून ठेवतो, दुसऱ्या हाताने इजेक्ट, झाकण उघडतं, जुनी त्याच्या हातात, नवी माझ्या हातात, आत सरकवली, झाकण बंद. दहा-बारा सेकंदात काम होतं. परवा बाजूला बसलेल्या एका बाबांनी हळूच विचारलं, "कॅसेट सरनी का भो?" (संपली का?) तोपर्यंत नवी आत फिरायलाही लागली होती.

घरी एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन डिस्कच्या दोन एमएक्सएफ फाइल (क्लिप) येतात, टाइमकोड म्हणजे फ्रेमचा वेळ-नंबर लागून असतो, एकापुढे एक ठेवल्या की एकही फ्रेम गायब नाही. मी मृदंगाच्या थापेवर कान लावून तपासलंय, जोड ऐकू येत नाही. फक्त दुसरी डिस्क आधीच घरून रिकामी करून फॉरमॅट करून न्यायची, विशेषतः जुनी विकत घेतलेली असेल तर, कारण आपण ५० आयवर (५० वाला इंटरलेस रेट) शूट करतो आणि तिच्यावर आधी ५९.९४ या दुसऱ्या रेटचं काही असलं तर ऐनवेळी ती घेणार नाही, ३० सेकंदात फॉरमॅटचे उद्योग कोण करणार.

रंगाला मात्र तोड नाही. कानबाईची लाल साडी, हळदीकुंकू, गुलाल, बुक्का, सगळं फुटत नाही. आवाजाला एक्सएलआर (प्रोफेशनल माईकची पिन) आहे, एका चॅनलला साउंडवाल्याच्या मिक्सरची लाईन आणि दुसऱ्याला मंडपातला माईक, टाळकऱ्यांचा गजर त्यामुळे भरून येतो.

त्रासही आहेच. वजन. लेन्स, बॅटरी, माईक लावून खांद्यावर तासभर धरलं की खांदा बोलतो, चांगला ट्रायपॉड लागतोच. फोर के नाही, आणि ५० आय असल्यामुळे यूट्यूबला टाकण्याआधी डीइंटरलेस (एकाआड एक ओळींचं चित्र अख्ख्या फ्रेमचं) करावं लागतं, नाहीतर नाचणाऱ्यांच्या हातापायाला दाते दिसतात. कॉपी करायला वेळ लागतो, कॉम्प्युटरला डिस्क लावायचा माझा जुना पीडीडब्ल्यू-यू१ ड्राईव्ह यूएसबी २ वाला आहे, सप्ताहाच्या सात दिवसांच्या डिस्का लागोपाठ लावत बसावं लागतं. आणि आपल्याकडचं ऊन. कॅमेऱ्याची लिमिट ४० डिग्री दिलीय, एप्रिल-मेत जळगावला पारा ४४-४५ ला जातो, म्हणून दुपारच्या हळदीचं काम मी यावर घेतच नाही. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत धूळ एवढी की घोडा फिरला की समोरचं दिसत नाही, तिथे झाकण उघडताना वरून ओढणी धरायची, कारण डिस्क बंद असते पण आतली लेझरची लेन्स उघडीच असते.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी बाहेरच्या चकाकीवर जाऊ नये. मेनूत आवर मीटर असतो, मशीन किती तास चाललं ते वेगळं आणि लेझर किती तास चाललं ते वेगळं, लेझरचा आकडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. एका विक्रेत्याकडून घेतलेल्या जुन्या डिस्कांमधल्या काही एररच देत होत्या, त्याने परत घ्यायला साफ नकार दिला. तेव्हापासून जुनी डिस्क शेवटपर्यंत भरून, परत वाचून बघितल्याशिवाय बॅगेत टाकत नाही.

अजून एक, कोणी सहसा सांगत नाही. अमळनेर भागात एका सप्ताहात बॅटरी उतरली होती म्हणून लाईटवर अडॅप्टर लावून शूट चालू होतं, गर्दीत कोणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि कॅमेरा एकदम बंद. पॉवर परत दिल्यावर कॅमेऱ्यानेच सॅल्व्हेज करू का, म्हणजे अर्धवट राहिलेली क्लिप वाचवू का, विचारलं, हो म्हटलं, आणि पिन निघण्याच्या थोडं आधीपर्यंतची अख्खी क्लिप जशीच्या तशी मिळाली. त्या दिवसापासून अडॅप्टर बंद, कीर्तनाला दोन भरलेल्या बॅटऱ्या आणि पहिली डिस्क बदलतानाच पहिली बॅटरी किती उरलीय ते बघून घेतो.