१९९९चं शिवछत्रपतींचं दोन रुपयांचं नाणं: आठ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीत ही दोन नाणी घेतली. दर्शनी किंमत दोन-दोन रुपये, मोजले दोन्हीचे मिळून शंभर. एक अल्बमात ठेवायला, दुसरं नुसतंच खिशात बाळगायला. आज खिशातलं मजेत आहे आणि जिवापाड सांभाळलेलं बिघडलंय.

चूक माझीच. अल्बम स्वस्तातला, त्याचे कप्पे मऊ, वास मारणाऱ्या प्लॅस्टिकचे. पावसाळ्यात नाण्यावर हिरवट, चिकट थर आला. या नाण्यात ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल. असलं प्लॅस्टिक तांब्याला खातं, हे नंतर कळलं. शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवलं असतं तर निभावलं असतं. मी देव घासावेत तशी चिंच लावली. नाणं लख्ख झालं, पण टांकसाळीची मूळ झळाळी गेली ती गेलीच.

खिशातल्याला किल्ल्यांचा मार बसतोय. जिरेटोप जरा गुळगुळीत झालाय, अकरा कोन मात्र अंगठ्याला अजून जाणवतात. सहा ग्रॅमचं, २६ मिलिमीटरचं नाणं. हातात भरीव लागतं. हल्लीची स्टीलची दोनची नाणी लोहचुंबकाला चिकटतात, हे चिकटत नाही. घेताना एवढं तरी तपासा. एकदा चहावाल्याला चुकून दिलं, तर ‘हे चालत नाही’ म्हणून त्यानं परत केलं. खरं तर चालतं. २०११ साली बंद झाली ती २५ पैसे आणि त्याखालची. पण त्याच्याशी वाद कोण घालणार? माझं नाणं वाचलं! हेच नाणं लाखांत विकून देतो म्हणणारे व्हिडिओ मात्र निव्वळ फसवणूक.

एक गोष्ट सुरुवातीपासून खटकत होती. नाण्यावर ‘छत्रपति शिवाजी’ असं आहे. ‘महाराज’ नाही आणि ‘ति’ ऱ्हस्व. दिल्लीच्या हिंदीनं आपला दीर्घ ‘ती’ खाल्ला, असं मी चारचौघांत सांगतही फिरलो. मग फेब्रुवारीत एक शिवराई, म्हणजे महाराजांच्या नावाचं जुनं नाणं, हाती आली. जाड तांब्याची, वेडीवाकडी, ठिपक्यांच्या वर्तुळात एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ऱ्हस्वच! काही शिवराई नाण्यांवर दीर्घही दिसतो म्हणा, पण माझी तक्रार तिथंच बारगळली.

त्या शिवराईवर चेहरा नाही. १६७४च्या राज्याभिषेकानंतर राजानं नाणं पाडलं ते नुसत्या अक्षरांचं, तेही देवनागरी. १९९९ साली, त्या राज्याभिषेकाला ३२५ वर्षं झाली तेव्हा, आपण चेहरा कोरला आणि अक्षरं कडेला सारली. कारागिरी नव्याची सफाईदार, यात शंका नाही. तरी हल्ली बाहेर पडताना हात शिवराईकडे जातो. ती मात्र खिशात नेत नाही.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा अल्बमचा.