सीमाभागातील संशोधकापुढील दोन वाटा: उत्तर-आधुनिकतावाद आणि वस्तुनिष्ठ सत्याचा आग्रह

बेळगाव, खानापूर, निपाणी या परिसरातून इतिहास, समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्रात पीएच.डी. करू इच्छिणारे मराठी विद्यार्थी कोणी राणी चन्नम्मा विद्यापीठात, कोणी धारवाडला, तर कोणी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात नोंदणी करतात. विषय बहुधा घरचाच असतो: सीमाप्रश्न, सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणी, निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या कामगार स्त्रिया. आराखड्यात ‘सैद्धांतिक चौकट’ लिहायची वेळ आली की डाव्या विचारांच्या विद्यार्थ्यापुढे दोन वाटा उभ्या राहतात. पहिल्या, उत्तर-आधुनिक वाटेवरचे अभ्यासक सांगतात की सत्य हे सत्तेच्या व्यवहारातून घडते, म्हणून ते कोणी, कोठून आणि कोणासाठी सांगितले हे आधी तपासावे. दुसऱ्या वाटेवरचे सांगतात की आपल्या सांगण्यापलीकडे वास्तव असते, ते चुकतमाकत का होईना जाणता येते आणि शोषितांच्या लढ्याला त्याच जाणिवेचा आधार लागतो. यांपैकी कोणती वाट धरावी हे ज्याला ठरवायचे आहे, त्याच्यासाठी हा आढावा आहे.

हा वाद डावे विरुद्ध उजवे असा नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. 1979 मध्ये ‘महाकथनांवरील’, म्हणजे साऱ्या इतिहासाचा अर्थ एकाच सूत्रात सांगणाऱ्या कथनांवरील, ‘अविश्वास’ अशी उत्तर-आधुनिक अवस्थेची ओळख करून देणारा फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतार हा त्याआधी अनेक वर्षे एका क्रांतिकारी समाजवादी गटात काम करत होता. सत्ता आणि ज्ञान यांच्या नात्यावर लिहिणारा फ्रेंच विचारवंत मिशेल फुको 1950 च्या दशकाच्या आरंभी काही काळ फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता आणि 1971 मध्ये त्याने तुरुंगांतील परिस्थितीची माहिती बाहेर आणणारा गट उभारण्यात पुढाकार घेतला. इतिहासाचा नियम आपल्याला कळला आहे, असे सांगणाऱ्या पक्षाने 1956 मध्ये हंगेरीत घुसलेल्या रणगाड्यांचे समर्थन केलेले या पिढीने पाहिले होते. ‘शास्त्रीय सत्य’ हातात असल्याचा दावा माणसांना गप्प करण्यासाठी कसा वापरला जातो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. या संशयाला असे खरे कारण होते आणि ज्याला ही वाट नाकारायची आहे त्याने ते कारण आधी समजून घ्यावे.

उलट बाजूही तितकीच डावी आहे. फ्रेडरिक जेमिसनने 1984 मध्ये आणि डेव्हिड हार्वेने 1989 मध्ये उत्तर-आधुनिकतेकडे उत्तरकालीन भांडवलशाहीचे लक्षण म्हणून पाहिले, तर टेरी ईगल्टनने 1996 मध्ये तिच्या राजकीय भ्रमांवर टीकेचे पुस्तकच लिहिले. भारतात एजाज अहमद यांनी 1992 मध्ये आणि सुमित सरकार यांनी 1997 मध्ये हाच झगडा आपल्या मातीवर आणला. सरकार स्वतः सबाल्टर्न अभ्यासगटाच्या, म्हणजे इतिहास तळातल्या लोकांच्या बाजूने लिहू पाहणाऱ्या गटाच्या, सुरुवातीच्या खंडांत लिहिणारे होते, आणि या अभ्यासातून शेतकरी, मजूर यांचा प्रत्यक्ष झगडा हळूहळू बाजूला पडून वसाहतिक ज्ञानाची चिकित्साच उरली, ही त्यांची तक्रार घरातल्या माणसाची तक्रार होती. विवेक छिब्बर यांनी 2013 मध्ये ती अधिक कडक भाषेत मांडली.

या वादातील सर्वांत गाजलेल्या प्रसंगाला मात्र गरजेपेक्षा जास्त वजन दिले जाते, असे मला वाटते. न्यूयॉर्कचे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांनी 1996 मध्ये ‘सोशल टेक्स्ट’ या डाव्या नियतकालिकात क्वांटम गुरुत्वाकर्षणावर एक मुद्दाम निरर्थक लेख छापून आणला आणि लगेच दुसरीकडे त्याचा उलगडा केला. सोकल स्वतःला डावे म्हणवत, आणि सँडिनिस्ट या डाव्या क्रांतिकारकांच्या राजवटीत त्यांनी निकाराग्वात गणित शिकवले होते. भौतिकीचे नियम हे केवळ सामाजिक संकेत आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी माझ्या एकविसाव्या मजल्यावरील खिडकीतून ते संकेत ओलांडून पाहावेत, हे त्यांचे वाक्य अजूनही सांगितले जाते. पण त्या नियतकालिकात तेव्हा तज्ज्ञांकडून लेख तपासून घेण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे सोकल यांनी संपादकांची बेफिकिरी सिद्ध केली, सिद्धांताचा खोटेपणा नव्हे. एखादी गोष्ट समाजाने घडवली म्हणजे ती खरी नसते असे कोणी म्हणत नाही, हे साहित्य-समीक्षक स्टॅन्ली फिश यांचे उत्तर वाजवी होते. तरीही सोकल यांची मूळ चिंता, म्हणजे डाव्यांनीच पुराव्याची भाषा सोडली तर दुबळ्याच्या हातात काय उरेल ही, आपल्या भागात फार जवळची आहे. ती तपासण्यासाठी दोन स्थानिक विषय घेऊ.

पहिला विषय सीमाप्रश्नाचा. 1 नोव्हेंबर 1956 रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला. 1966 मध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. त्याने 1967 च्या अहवालात निपाणी, खानापूरसह 264 गावे महाराष्ट्राला द्यावीत, 247 गावे कर्नाटकाला द्यावीत आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावे, अशी शिफारस केली. ती महाराष्ट्राने नाकारली आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या साऱ्या युक्तिवादांत भाषिक बहुमताचे आकडे, विशेषतः 1951 च्या जनगणनेचे, मध्यवर्ती आहेत. उत्तर-आधुनिक वाट येथे फार मोलाचे काहीतरी देते. जनगणनेने समाजाला वस्तूसारखे मोजण्याजोगे कसे केले हे मानववंशशास्त्रज्ञ बर्नार्ड कोन यांनी दाखवले, आणि राज्यशास्त्रज्ञ सुदीप्त कविराज यांनी 1992 मध्ये कडा धूसर असलेले समूह मोजणीनंतर ठळक कडांचे कसे होतात याची मांडणी केली. ज्या घरात सासर मराठी आणि माहेर कन्नड आहे, त्या घरातील सुनेची मातृभाषा प्रगणकाला कोण सांगतो? बहुधा ओसरीवर बसलेला सासरा. स्वयंपाकघरात दोन्ही भाषा चालत असल्या तरी तक्त्यात एकच लिहिली जाते, आणि दहा-वीस वर्षांनी त्याच तक्त्यावर मोर्चे निघतात. हे पाहण्याची नजर जुन्या मार्क्सवादाने आपल्याला दिली नव्हती, हे मोकळेपणाने मान्य करावे लागेल.

पण येथेच थांबणाऱ्या विद्यार्थ्याला मी एक प्रश्न विचारीन. तक्ता चुकला असे म्हणताना तो कशाच्या तुलनेत चुकला? सुनेची भाषा खरोखर कन्नड होती, किंवा खरोखर दोन्ही होत्या, असे काहीतरी मानल्याशिवाय ‘चूक’ हा आरोपच उभा राहत नाही. शिवाय हा केवळ तत्त्वज्ञानाचा मुद्दा नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेल्या संरक्षणांनुसार जिल्हा किंवा तालुका पातळीवर 15 टक्के लोकांची भाषा असेल तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेत मिळाव्यात, आणि शाळेत 40 किंवा वर्गात 10 मुले असतील तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे. बेळगावात मराठीतून परिपत्रके मागणारा माणूस याच आकड्यांवर उभा असतो. सगळेच आकडे सत्तेच्या कथा आहेत असे आपण प्रबंधात लिहिले, तर त्याचा अर्ज परत करणाऱ्या कार्यालयाला आपण आयते उत्तर पुरवलेले असते. कार्यालयाजवळ सत्ता असते, त्यामुळे त्याला सत्याची गरज कमी पडते. अर्जदाराजवळ आकड्याखेरीज दुसरे काही नसते.

दुसरा विषय अधिक अवघड आहे आणि येथे पहिल्या वाटेची ताकद सर्वांत जास्त दिसते. कर्नाटकाने 1982 मध्ये देवदासी प्रथेला बंदी घालणारा कायदा केला. डावे कार्यकर्ते, स्त्रीवादी आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे या सर्वांचे म्हणणे स्पष्ट आहे: गरीब दलित घरातली मुलगी देवीला सोडणे म्हणजे धर्माच्या नावाने लैंगिक शोषण. मानववंशशास्त्रज्ञ लुसिंडा रॅम्बर्ग यांनी 2014 च्या पुस्तकात उत्तर कर्नाटकातील यल्लम्माच्या जोगतिणींचा अभ्यास करून वेगळा प्रश्न विचारला. या स्त्रिया देवीशी झालेला संबंध लग्न आणि नाते म्हणून सांगत असतील, घरात मुलाची जागा घेऊन वारसा आणि जबाबदारी सांभाळत असतील, तर त्यांचे सांगणे केवळ अज्ञान म्हणून बाजूला का ठेवायचे? डोक्यावरची जट घ्या. कार्यकर्त्याला ती न विंचरलेल्या, गुंतलेल्या केसांची गाठ दिसते, जोगतिणीला ती देवीचे अंगावर येणे वाटते. मोहिमेत कात्री चालते तेव्हा त्या स्त्रीला विचारले गेले का, हा प्रश्न सुधारकाला अडचणीचा असला तरी तो विचारायलाच हवा. रॅम्बर्ग यांचे पुस्तक न वाचता या विषयावर प्रबंध लिहू नये असे माझे मत आहे.

त्याच वेळी काही गोष्टी कोणत्याही दृष्टिकोनातून पाहिल्या तरी बदलत नाहीत. मुलीला सोडले तेव्हा तिचे वय किती होते, तिच्या कमाईचा पैसा कोणाकडे गेला, तिला कोणता आजार झाला, तिच्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव काय लिहिले गेले, या प्रश्नांना उत्तरे आहेत, आणि ती खरी किंवा खोटी असतात. माजी देवदासींच्या पेन्शनसाठी राज्याने 1993-94 आणि 2007-08 मध्ये केलेली सर्वेक्षणे अनेक वर्षे आधार मानली गेली. ज्या बाईचे नाव त्या यादीत आले नाही ती हेलपाटे घालत राहिली. पहिल्या वाटेवरचा अभ्यासक विचारील की ‘माजी देवदासी’ हा वर्गच सरकारने कसा तयार केला, आणि तो प्रश्न योग्य आहे. पण त्या बाईला हवे आहे ते इतकेच की ती देवदासी होती, ही गोष्ट कोणीतरी पुराव्याने सिद्ध करावी. निपाणीच्या वखारीतील मजुरी, तंबाखूची धूळ आणि खोकला, विड्यांच्या हजारामागचा दर यांबाबत तर मला निवडीचा प्रश्नच दिसत नाही. तेथे दुसरी वाटच घ्यावी.

उजव्यांच्या हाती पहिल्या वाटेचा सिद्धांत कसा जातो, याचीही चर्चा होते. विज्ञानाला पाश्चात्त्य सत्तेचे हत्यार ठरवणाऱ्या डाव्या टीकेमुळे ‘वैदिक विज्ञाना’ला बौद्धिक प्रतिष्ठा मिळाली, असे मीरा नंदा यांनी 2003 च्या पुस्तकात मांडले. विज्ञानाच्या सामाजिक घडणीचे नामवंत अभ्यासक ब्रुनो लातूर यांनीही 2004 मध्ये, आपलीच शस्त्रे हवामानबदल नाकारणारे वापरू लागले आहेत, अशी चिंता जाहीर केली. नंदा यांचा कार्यकारणभाव मला थोडा ताणलेला वाटतो, कारण आपल्याकडच्या पुराणवाद्यांना फुको वाचण्याची गरज कधीच पडली नव्हती. त्यांनी ज्या धोक्याकडे बोट दाखवले तो मात्र खरा आहे. 2015 च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ऑगस्टमध्ये धारवाडात कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गी यांच्यावर. बेळगाव या दोन शहरांच्या मध्ये, एकाच महामार्गावर आहे. एक शिवाजी महाराजांच्या राज्यकारभाराविषयी, दुसरे शिलालेख आणि लिंगायत संतांच्या कन्नड वचनांविषयी पुराव्यानिशी बोलत होते, आणि ‘ही माझी एक कथा, ती तुमची एक कथा’ अशी सवलत दोघांनीही मागितली नव्हती.

मराठी विद्यार्थ्याला यात परके वाटण्याचे कारण नाही, कारण धर्मग्रंथातील ज्ञान हे सत्तेचे साधन आहे हा आरोप जोतीराव फुले यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त फुकोच्या शंभर वर्षे आधी केला. अवतारकथांच्या आड त्यांनी वाचलेल्या इतिहासाचे अनेक तपशील आजच्या संशोधनात टिकत नाहीत. परंतु त्यांची रीत महत्त्वाची आहे: भटांची कथा ही अनेक कथांपैकी एक आहे असे न म्हणता ती खोटी आहे असे त्यांनी म्हटले, आणि आपलेही म्हणणे तपासण्याचा अधिकार त्यामुळे वाचकाला मिळाला.

म्हणून माझी शिफारस अशी आहे की पाया दुसऱ्या वाटेचा असावा आणि साधनांची चिकित्सा करताना पहिल्या वाटेचे प्रश्न निर्दयपणे विचारावेत. तत्त्वज्ञ रॉय भास्कर यांनी 1975 पासून मांडलेला चिकित्सक वास्तववाद यासाठी उपयोगी आहे. ज्ञान समाजात घडते, ज्याविषयी ते असते ते आपल्या ज्ञानावर अवलंबून नसते, आणि दोन मतांपैकी अधिक योग्य कोणते हे ठरवता येते, अशा तीन गोष्टी तो एकत्र सांभाळतो. स्त्रीवादी अभ्यासक डोना हॅरावे यांचा 1988 चा निबंधही जोडीला वाचावा, कारण प्रत्येक ज्ञानाला जागा असते असे सांगूनही त्यांनी वस्तुनिष्ठतेचा आग्रह सोडलेला नाही. विषय स्मरण, विधी, सीमालढ्यातील काळा दिन किंवा हुतात्मा दिनाच्या घोषणा असा असेल, तर पहिल्या वाटेला अधिक पाने द्यावीत. जमीन, मजुरी, आरोग्य किंवा शिक्षणाचे माध्यम असेल, तर कमी.

कोणतीही वाट घेतली तरी कन्नड वाचता येणे अपरिहार्य आहे. 1956 नंतरची तालुका कचेरीची कागदपत्रे मोठ्या प्रमाणात कन्नडमध्ये आहेत, आणि सीमाप्रश्नावरचे कन्नड अभ्यासकांचे लेखनही त्याच भाषेत आहे. दुसऱ्याचा आवाज ऐका असे पहिली वाट सांगते आणि विरोधी पुरावा तपासा असे दुसरी, त्यामुळे केवळ मराठी साधनांवर लिहिलेला सीमाप्रश्नावरील प्रबंध दोन्ही कसोट्यांवर अपुरा ठरतो. नोंदणीनंतरचे पहिले वर्ष कन्नड हस्ताक्षर वाचायला शिकण्यात गेले तरी चालेल, मार्गदर्शकांनी तेवढा वेळ विद्यार्थ्याला द्यावा.