मॉरोविंड: स्कायरिमनंतर काही महिने खेळून

स्कायरिम (2011) हा व्हिडिओ गेम मनसोक्त खेळून झाल्यावर त्याच एल्डर स्क्रोल्स मालिकेतला तिसरा भाग, 2002 सालचा मॉरोविंड, लावला. गेले कित्येक महिने दुसरं काही खेळलेलं नाही. मुख्य कथा पूर्ण झाली आहे, गेम जिथे घडतो त्या व्हार्डनफेल बेटाचा बराच भाग अजून बाकी आहे.

आधी खटकणारी गोष्ट, कारण पुष्कळ जण तिथेच गेम बंद करतात. सुरुवातीला तलवार साध्या खेकड्याच्या अंगातून आरपार जाताना दिसते, पण वार लागत नाही. इथे प्रत्येक वाराला आतून फासे पडतात: त्या शस्त्रातलं तुमचं कौशल्य, चपळाई, नशीब आणि दम यावर सगळं ठरतं. धावलं की दमाची हिरवी पट्टी रिकामी होते, आणि रिकाम्या पट्टीने लढायला उभं राहिलं तर दहा वारांतला एखादाच बसतो. म्हणून पात्र बनवताना जे शस्त्र हातात धरणार आहात तेच मुख्य कौशल्यांत घ्या आणि शत्रू दिसला की चालत जा. एवढं पाळलं तर पहिल्या काही लेव्हलनंतर ही तक्रार उरत नाही.

आता या गेमचा खरा गाभा. नकाशावर ‘इथे जा’ म्हणणारी खूण नाही. बाल्मोरा गावातला हासफात अँटाबोलिस तुम्हाला आर्कंगथँड नावाच्या, लुप्त झालेल्या ड्वेमर जमातीच्या अवशेषांतून एक कोड्याची पेटी आणायला सांगतो. वाट तो शब्दांत सांगतो: मूनमॉथ किल्ल्यावरून पुढे, लाव्हाने कोरलेल्या घळीवरचा जुना पूल ओलांडायचा, मग चढण. पोचल्यावर दार बंद! जवळच्या पाइपवरचं चाक फिरवलं की ते उघडतं. हे सगळं वाचत, आजूबाजूला बघत करावं लागतं, आणि त्यामुळे तो पूल, ती घळ, ती वळणं डोक्यात पक्की बसतात. स्कायरिममध्ये मी याच्या कितीतरी पट गुहा पालथ्या घातल्या, पण त्यांतल्या फारच थोड्यांची वाट आज सांगू शकेन. तिथे नजर जगावर कमी आणि वरच्या पट्टीतल्या खुणेवर जास्त असायची.

माझ्या मते हा बदल मालिकेतल्या चौथ्या भागापासून, ऑब्लिव्हियनपासून (2006) आला. संवाद पूर्णपणे आवाजात आले, त्यामुळे मजकूर आटला, आणि दहा ओळींत वाट समजावणारी माणसं गेली. त्यांची जागा खुणेने घेतली. ऑब्लिव्हियनच्या 2025 च्या रीमास्टरमध्ये चित्रं देखणी झाली, पण ही रचना तीच राहिली.

प्रवासाबद्दल तर किती लिहू! कुठूनही कुठेही उडी मारायची सोय नाही. सिल्ट स्ट्रायडर नावाचे अवाढव्य कीटक ठरावीक गावांदरम्यान चालतात, किनाऱ्यावर होड्या आहेत, जादूगार संघाच्या शाखा एकमेकींकडे पोचवतात. मार्क आणि रिकॉल मंत्रांनी आखून ठेवलेल्या जागी परतता येतं, आणि दोन इंटरव्हेन्शन मंत्रांपैकी एक जवळच्या साम्राज्याच्या देवळात नेतो, दुसरा ट्रिब्यूनल या स्थानिक देवत्रयीच्या मंदिरात. हे सगळं जोडून मार्ग आखण्यात वेगळीच मजा आहे. तेल्व्हानी घराण्यातल्या जादूगारांच्या मश्रूमच्या मनोऱ्यांत वरच्या मजल्याला जिनाच नसतो. तरंगण्याचा मंत्र किंवा औषध जवळ नसेल तर भेट होत नाही. मालिकेतल्या पुढच्या दोन्ही भागांत तरंगणंच काढून टाकलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

संघात बढती हवी तर ते कौशल्य खरोखर अंगी लागतं. स्कायरिममध्ये जेमतेम मंत्र येत असताना विंटरहोल्डच्या महाविद्यालयाचं प्रमुखपद मिळतं, ते मला कधीच पटलं नाही. इथे तीन मोठ्या घराण्यांपैकी एकच निवडता येतं, आणि कथेसाठी आवश्यक माणसालाही मारता येतं. भविष्यवाणीचा धागा तुटला असा संदेश येतो, जुना सेव्ह उघडायचा की तसंच पुढे जायचं हे तुम्ही ठरवायचं.

त्रास आहेतच. डायरीत नोंदी तारखेनुसार साचत जातात आणि जुनी सूचना शोधता शोधता वैताग येतो. काही ठिकाणी सांगितलेली दिशा चक्क चुकीची आहे. क्लिफ रेसर नावाचे उडते प्राणी डोंगराळ भागात पाठ सोडत नाहीत. लेव्हल वाढताना जास्तीत जास्त गुण मिळवायचे तर कोणतं कौशल्य किती वाढलं याचा हिशेब ठेवावा लागतो. तो मी सोडून दिला आणि खेळ अधिक आवडू लागला.

जुन्या लॅपटॉपवर खेळायचं असेल तर ओपनएमडब्ल्यू वापरा. चाहत्यांनी नव्याने लिहिलेलं हे मुक्त इंजिन आहे. मूळ गेमच्या फाइल्स तुमच्याकडे हव्यात, आणि ते लिनक्सवरही चालतं. अक्षरांचा आकार वाढवून घ्या, वाचन भरपूर आहे. पहिल्यांदा खेळताना बाकी मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) टाकू नका. टॅम्रिएल रीबिल्ट मात्र लक्षात ठेवा: बेटापलीकडची मॉरोविंड प्रांताची मुख्य भूमी चाहते गेली अनेक वर्षं तुकड्या-तुकड्यांनी उभी करत आहेत. माझं पुढचं पात्र तेल्व्हानी जादूगार असेल, आणि ते तिकडेच जाणार आहे.