रोबोट कमी, टोकियो जास्त: पॅटलेबर द मूव्ही (१९८९)

आधीच सांगते, रोबोटची तुफान हाणामारी बघायची म्हणून हा जपानी ॲनिमेशन पिक्चर लावणार असाल तर नका लावू. आमच्याकडे तेच झालं. धाकट्या भावाने पोस्टर बघितलं, पांढरा-काळा पोलीस रोबोट, म्हणाला लाव लाव, आणि पाऊण तासाने विचारतोय की ताई यात मारामारी आहे कुठे. मारामारी आहे, पण थोडी सुरुवातीला आणि मग डायरेक्ट शेवटी, मधे सगळा वेळ माणसं चालतायत, माहिती काढतायत, वाद घालतायत आणि घाम पुसतायत. त्याने मोबाइल काढला. मी दुसऱ्या दिवशी परत एकटीने बघितला.

डायरेक्टर मामोरू ओशी, ज्याने पुढे १९९५ मधे घोस्ट इन द शेल केला तोच. पिक्चर आला १९८९ ला आणि गोष्ट घडते १९९९ च्या टोकियोत, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने दहा वर्षं पुढची. यातले रोबोट म्हणजे 'लेबर', क्रेन-पोकलेनचे थोरले भाऊ समजा, आत माणूस बसून चालवतो. टोकियोच्या खाडीत भर घालायचं अवाढव्य काम चालू आहे, बॅबिलोन प्रोजेक्ट, त्यावर हे राबतात. आता एवढी धूडं शहरात आली की कोणीतरी त्यांचा गैरवापर करणारच, म्हणून पोलिसांकडेही लेबर, आणि ती पोलिसांची टीम म्हणजे आपले हिरो.

मग एक दिवस लेबर आपोआप पिसाळायला लागतात. सुरुवातीलाच लष्कराचा एक लेबर पळत सुटतो, जवान पाठलाग करून त्याला कसाबसा पाडतात, आत बघतात तर सीटवर कोणीच नाही! हा सीन बघताना भाऊपण सरळ बसला होता, खोटं कशाला बोलू. कारण निघतं ते म्हणजे नवीन ऑपरेटिंग सिस्टीम, एचओएस नावाची, जी सगळ्यांनी डोळे झाकून टाकून घेतलीये, आणि ती लिहिणारा होबा नावाचा प्रोग्रामर पिक्चर चालू होतानाच समुद्रात उडी मारून मेलाय, तेही हसत हसत. म्हणजे व्हिलन पहिल्या काही मिनिटांतच खलास, आता पकडणार कोणाला?

(पुढे स्पॉयलर आहेत, पण पिक्चर तीस वर्षांहून जुना आहे, माफ करा.)

मला सगळ्यात आवडलं ते होबाने एचओएसमधे लपवलेला व्हायरस कशाने जागा होतो ते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की घूं आवाज येतो ना, तसं उंच बिल्डिंगांमधून जोराचा वारा गेला की एक खालच्या पट्टीचा आवाज तयार होतो, माणसाला तो ऐकू येत नाही पण लेबरला कळतो, आणि तो पिसाळतो. पोलिसांच्या टीममधला आसुमा हे शोधून काढतो कुठे कुठे लेबर बिघडले ते जुळवून. आणि खाडीत लेबरच्या कामासाठी 'आर्क' नावाचा जो प्रचंड मोठा प्लॅटफॉर्म उभा केलाय तीच सगळ्यात मोठी बाटली. त्यात टायफून येतोय, वारा सेकंदाला ४० मीटरच्या वर गेला की एकदम सगळे लेबर जागे. म्हणजे बॉम्ब नाही, टायमर नाही, नुसतं वातावरण! घराघरात इंटरनेट नव्हतं त्या काळात 'सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर घेतलंय आणि आत काय आहे ते कोणालाच माहीत नाही' ही भीती कोणाला सुचावी, कमाल वाटते.

आता ज्याला सगळे 'स्लो' म्हणतात तो भाग. मात्सुई नावाचा डिटेक्टिव्ह होबा कुठे कुठे राहिला होता ते शोधत फिरतो. एकेक जुनी चाळवजा घरं, पडायला आलेली, कालव्याचं साचलेलं पाणी, गवत माजलेलं, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मान वर केली की मागे चकचकीत टॉवर. बोलणं जवळजवळ नाहीच, नुसतं केन्जी कावाईचं म्युझिक. हे बघताना लक्षात येतं की होबा मुद्दाम अशाच घरांत राहिला जी पाडली जाणार आहेत, म्हणजे त्याला कोणाला तरी हे दाखवायचंय. १९८९ म्हणजे जपानच्या आर्थिक फुगवट्याचा, 'बबल'चा कळस, जमिनीचे भाव आभाळाला, जुनं ते पाडा नवं बांधा. सगळं हाताने काढलेलं आहे, त्या घरांच्या भिंतींवरचे ओघळसुद्धा. मी तो भाग दोनदा मागे नेऊन बघितला, भाऊ तेव्हा चहा करायला गेला होता, म्हणजे त्याने पिक्चरचा जीवच मिस केला.

तक्रारी मलाही आहेत. होबाने हे का केलं ते नीट कळतच नाही, बायबलचे दाखले, बाबेलचा मनोरा, ६६६ नंबर, एकावर एक नुसते टाकत जातात, एका पॉइंटला वाटतं बास की, कळलं, मोठा विचार आहे. आणि ओता नावाचा पोलीस सतत ओरडतो आणि बंदूक चालवायला टपलेला असतो, टायफूनच्या टेन्शनमधे त्याची कॉमेडी मला तरी खटकली. पॅटलेबरची आधीची सिरीज बघितलेल्यांना तो आवडतो म्हणे, असेल.

शेवट मात्र वसूल. त्या वादळात आर्कवर जाऊन अख्खा प्लॅटफॉर्म मोडायचा, बाकीचे पिसाळलेले लेबर अंगावर येतायत, आणि टीममधली लेबर चालवणारी नोआ, जिने आपल्या लेबरला स्वतःच्या जुन्या कुत्र्याचं नाव ठेवलंय, अल्फोन्स, ती सगळ्यात नव्या, सगळ्यात ताकदवान लेबरसमोर उभी. अल्फोन्सचे तुकडे होतात. मग ही पोरगी कॉकपिटमधून बाहेर निघते आणि हातात शॉटगन घेऊन स्वतःच त्या धुडावर चढते, पाऊस तोंडावर मारतोय, पाय घसरतोय. रोबोटच्या पिक्चरचा क्लायमॅक्स आणि काम निपटवतंय एक हाडामांसाचं माणूस.

जपानी आवाज आणि सबटायटलवरच बघा, पोलिसांच्या टीमचा प्रमुख कॅप्टन गोतो, त्याचा तो झोपाळू, काहीच पडलेलं नाही असा आवाज दुसऱ्या भाषेत ऐकून मजा नाही. आणि हेडफोन लावा, वाऱ्याचा आवाज महत्त्वाचा आहे.

माझ्याकडून पाचपैकी चार, भावाकडून दोन, त्यातला एक शॉटगनसाठी. दुसरा भाग १९९३ चा आहे, त्यात रोबोट अजूनच कमी आहेत असं ऐकलंय, म्हणून त्याला अजून सांगितलेलं नाही.