बँक परीक्षांचा टेस्ट पास, गेल्या पावसाळ्यापासून वापरतेय: बाकी ठीक, पण ‘सेव्ह अँड नेक्स्ट’चं काय?

बँक क्लार्कची मेन्स (मुख्य परीक्षा) झाली, टेस्ट पासची (सराव परीक्षांच्या वर्गणीची) मुदत संपत आली आणि आता पुन्हा पैसे भरायचे की नाही, यावरून डोकं फिरलंय. म्हणून सविस्तर लिहितेय. अ‍ॅपचं नाव देत नाही. मोठे टेस्ट पास तीन-चारच आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांची रचना सारखीच आहे, त्यामुळे जे लिहिलंय ते तुमच्या पासला लागू होतं का ते तुम्हीच ताडून बघा.

मी परभणीची, बी.कॉम. झालेली. क्लास लावला नाही. पुण्यात राहून क्लास करायचा तर फी एकीकडे, खोलीभाडं आणि मेस दुसरीकडे. तो खर्च घरच्यांवर टाकायचा नव्हता. गावातली अभ्यासिका, यूट्यूबवरचे फुकट व्हिडिओ आणि हा पास, एवढ्यावर तयारी केली. शिवाय ओपनमधून फॉर्म भरणाऱ्यांना माहीत आहे, आयबीपीएस (बँकांची भरती परीक्षा घेणारी संस्था) क्लार्कचे 850, पीओचे (प्रोबेशनरी ऑफिसर) 850, आरआरबीचे (ग्रामीण बँका) 850, एसबीआयचे 750. चार फॉर्मचे 3300 रुपये परीक्षेला बसायच्या आधीच जातात. ऑफरमध्ये वर्षाचा पास एका फॉर्मच्या फीपेक्षा स्वस्त पडला, म्हणून घेतला.

सुरुवातीला ज्याने जीव लावला ते सांगते: प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ. मॉक (सराव परीक्षा) संपल्यावर एका पानावर दिसतं की तुम्ही कुठल्या प्रश्नावर किती सेकंद बसलात, बरोबर सोडवणाऱ्यांना सरासरी किती लागले, आणि तो प्रश्न किती जणांनी सोडूनच दिला. मला वाटायचं की माझं क्वांट (गणित) कच्चं आहे. हे पान बघायला लागल्यावर दिसलं की क्वांटमध्ये सिम्प्लिफिकेशन आणि नंबर सिरीज मी चटाचट उडवतेय, वेळ जातोय तो रीझनिंगमध्ये (तर्काच्या प्रश्नांत), तोही एकाच ठिकाणी. गोल टेबलाभोवती काही आत तोंड करून, काही बाहेर तोंड करून बसलेले, वर प्रत्येकाचा आवडता रंग, असं पझल आलं की मी सात-सात मिनिटं तिथेच. वीस मिनिटांच्या सेक्शनमधली सात मिनिटं! आणि त्याच पेपरात शेवटी सिलॉजिझम आणि इनइक्वालिटीचे हातातले प्रश्न उघडलेसुद्धा नव्हते. तेव्हापासून पहिल्या फेरीत सुटे प्रश्न आणि पझल नंतर, असा क्रम लावला. एवढ्या एका गोष्टीसाठी पासचे पैसे वसूल झाले असं मी मैत्रिणींना सांगत फिरत होते, आणि आजही तेच सांगेन.

आता माझी खरी तक्रार. मोबाईलवर मॉक देताना पर्यायावर बोट ठेवलं की उत्तर नोंदलं जातं. मग पुढे स्वाइप करा नाहीतर यादी उघडून थेट बाविसाव्या प्रश्नावर जा, उत्तर जागच्या जागी राहतं. परीक्षा केंद्रावरच्या स्क्रीनवर असं होत नाही. तिथे माऊसने पर्याय निवडला तरी ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबल्याशिवाय उत्तर जमा होत नाही. उजवीकडच्या पॅलेटमधल्या (प्रश्नक्रमांकांच्या चौकटीतल्या) आकड्यावर क्लिक करून दुसऱ्या प्रश्नावर गेलात, तर आधी निवडलेलं उत्तर राहत नाही. परीक्षेआधीच्या सूचनांमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं असतं, पण तोवर महिनोन्महिने मॉक देऊन हाताला दुसरीच सवय लागलेली असते.

ऑक्टोबरमध्ये क्लार्कच्या प्रिलिम्सला (पहिली, चाळणी परीक्षा) नांदेडच्या केंद्रावर सूचना वाचताना माझ्या हे लक्षात आलं आणि पोटात गोळाच आला, कारण पहिल्या फेरीत सुटे प्रश्न, मग मागे उडी, हे तंत्र पूर्ण पॅलेटवरच चालतं. मी सावरले, प्रत्येक उत्तरानंतर बटण दाबत गेले. आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी दुसऱ्या शिफ्टला होती. ती पझल सोडवून झालं की पॅलेटवरून पुढे जात राहिली. शेवटच्या मिनिटाला तिने पॅलेट बघितलं, तर सोडवलेल्या प्रश्नांचे चौकोन लालच. लाल म्हणजे प्रश्न उघडला, उत्तर दिलं नाही. परत जाऊन भरायला वेळच उरला नव्हता. ती हॉलच्या बाहेर येऊन रडली. त्या पोरीचा अभ्यास माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी मनापासून सांगते. जिथे चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात आणि कटऑफला पाव-पाव गुणांनी माणसं मागे पडतात, तिथे सोडवून झालेले प्रश्न बटणापायी जाणं ही लहान गोष्ट नाही.

रंगांचंही तसंच. परीक्षेत नुसतं ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ केलेला प्रश्न जांभळा होतो, आणि उत्तर देऊन मार्क केलेल्या जांभळ्यावर हिरवी खूण येते. ते उत्तर तपासलं जातं, नुसतं जांभळं तपासायला काही नसतं. अ‍ॅपमध्ये दोन्ही सारखेच जांभळे. शेवटच्या अर्ध्या मिनिटात पॅलेटवर नजर टाकून कुठे जायचं ते ठरवायचं असतं. तिथे हा फरक डोळ्यांना ओळखीचा नसेल, तर सराव कसला केला?

कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं की बहुतेक विद्यार्थ्यांना एका टचमध्ये उत्तर नोंदवणं सोयीचं वाटतं. अहो, सोय हवी म्हणून कोणी मॉक देतं का? परीक्षेत जी गैरसोय आहे तिची सवय व्हावी म्हणून देतात. आणि मला सगळ्यात राग कशाचा आला सांगू? चुलत भावाचा जुना लॅपटॉप आणून त्याच पासची वेबसाइट उघडली, तर तिथे बटण अगदी परीक्षेसारखं चालतं. पॅलेट उजवीकडे, हिरवी खूणही आहे. म्हणजे त्यांना हे करता येतं. फक्त मोबाईलवर केलेलं नाही, आणि गावाकडची बहुतेक मुलं मोबाईलवरच मॉक देतात. लॅपटॉप असलेल्याला खरा सराव आणि मोबाईलवाल्याला वेगळा, पैसे मात्र दोघांकडून सारखेच. सेटिंगमध्ये ‘परीक्षेसारखं’ असा एक पर्याय दिला तरी भागलं असतं.

प्रश्नांच्या पातळीबद्दल माझं मत दोनदा बदललं. पहिले दोन-तीन महिने वाटायचं की मॉक अवघड आहेत म्हणजे दर्जेदार आहेत. प्रिलिम्स दिल्यावर वाटलं, हे चुकीचं आहे. क्लार्कच्या प्रिलिम्सला वेग लागतो, सोपे प्रश्न भराभर अचूक सोडवायचे असतात, आणि या लोकांनी पीओ मेन्सची पझल क्लार्कच्या नावावर खपवलीत. तेव्हा मी दोनच स्टार देऊन आले होते. मग दिवाळीनंतर मेन्सला बसले. तिथलं रीझनिंग बघून कळलं की त्याच वैतागवाण्या पझलांनी हात तयार झाला होता. दोनाचे तीन स्टार केले. पण प्रिलिम्सच्या मॉकना प्रिलिम्सचीच पातळी ठेवा, हे म्हणणं कायम आहे. ज्याचं नवीन सुरू आहे त्याचा धीर अशा मॉकने खचतो. आमच्याकडे एकाने मॉकमध्ये चाळीसच्या वर जात नाही म्हणून फॉर्मच भरला नाही.

ऑल इंडिया रँकचंही मनावर घेऊ नका. क्लार्कची भरती राज्यनिहाय असते, कटऑफही राज्य आणि प्रवर्गाप्रमाणे लागतो. बिहार, राजस्थान, केरळ सगळ्यांच्या यादीत माझा नंबर कितवा हे कळून महाराष्ट्रातल्या जागांसाठी काय उपयोग? पीओला देशभराची एक यादी लागते, तिथे ठीक आहे. राज्याप्रमाणे रँक दाखवणं काही अवघड नाही, प्रोफाइल भरताना राज्य विचारतातच की.

मराठीबद्दल. क्लार्कची प्रिलिम्स आणि मेन्स 13 प्रादेशिक भाषांत घ्यायचा निर्णय अर्थ मंत्रालयाने 2021 च्या सप्टेंबरात जाहीर केला, त्यात मराठी आणि कोकणी दोन्ही आहेत. ग्रामीण बँकांसाठी तर 2019 मध्येच झाला होता. या पासमध्ये अजून फक्त इंग्रजी आणि हिंदी. मी पेपर इंग्रजीतूनच देते, माझं अडत नाही. पण मराठी माध्यमातून शिकून आलेल्याने मराठी निवडली तर त्याला सरावाला एक मॉक मिळत नाही. इतक्या वर्षांत एवढं व्हायला हवं होतं.

बँकिंग अवेअरनेसच्या नोट्स बऱ्या आहेत, पण अद्ययावत करत नाहीत. मी पास घेतला तेव्हा नोट्समध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) 6.50 टक्के लिहिलेला होता. 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो फेब्रुवारीत 6.25, एप्रिलमध्ये 6.00, जूनमध्ये 5.50 आणि डिसेंबरमध्ये 5.25 केला. नोट्समध्ये अजून 6.50 च. त्याहून खटकलं ते ग्रामीण बँकांचं. 1 मे 2025 पासून ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ लागू झालं, देशातल्या 43 ग्रामीण बँकांच्या 28 झाल्या. आपल्याकडची विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र आली, प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र. पासमधल्या व्हिडिओत बाई अजून दोन वेगळ्या बँका, दोन वेगळे प्रायोजक शिकवतात. महाराष्ट्रातून ग्रामीण बँकेसाठी फॉर्म भरणाऱ्याला हे इतकं जवळचं आहे की चुकून चालणार नाही. चालू घडामोडी रोजच्या पेपरातून आणि रिझर्व्ह बँकेच्या पत्रकांतूनच करा, तिथे एक रुपयाही लागत नाही.

याच नोट्समधला एक धडा मात्र माझ्या कामी आला. पास घेताना यूपीआय ऑटोपे (खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी) आपोआप सुरू झालं होतं. अशा परवानगीचे, म्हणजे ई-मँडेटचे, रिझर्व्ह बँकेचे नियम मी नुकतेच पाठ केले होते: खात्यातून पैसे जायच्या किमान 24 तास आधी सूचना यायला हवी आणि मँडेट रद्द करायचा अधिकार ग्राहकाला आहे. सूचना आली, त्यात रक्कम ऑफरची नव्हती, पूर्ण होती. मी यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन मँडेट रद्द केलं. पैसे वाचले. पण दुसऱ्या दिवशी पासच बंद! मुदत शिल्लक असताना, मेन्स तोंडावर असताना. चॅटवर रोज नवीन माणूस, रोज तेच ‘असुविधेबद्दल क्षमस्व’. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला फोन लावला. मराठीत बोलता येतं. पेमेंटची पावती, मुदतीचा स्क्रीनशॉट, चॅटचे फोटो दिले, तक्रार क्रमांक मिळाला. त्यानंतर काही दिवसांत कंपनीचा स्वतःहून फोन आला आणि पास सुरू झाला. बंद राहिलेल्या दिवसांची मुदत वाढवून मागितली, तीही दिली. तुमच्यावर अशी वेळ आली तर चॅटवर भांडत वेळ घालवू नका, सरळ 1915.

तर पैसे पुन्हा भरणार का? वर्षाचा पास नाही. पुढची जाहिरात आली की प्रिलिम्सच्या आधीचे दोन महिने फक्त महिन्याचा घेईन, तोही लॅपटॉपवर द्यायला. व्हिडिओ, पीडीएफ, रोजची क्विझ यांसाठी पैसे द्यायची गरज नाही, ते फुकट भरपूर मिळतं. पैसे द्यायचे ते पूर्ण मॉक आणि वेळेच्या त्या पानासाठी.

लॅपटॉप नसेल त्यांनी एवढं करा. साध्या ओटीजी केबलने अँड्रॉइड मोबाईलला यूएसबी माऊस जोडता येतो. अ‍ॅप उघडू नका, ब्राउझरमध्ये पासची वेबसाइट उघडून ‘डेस्कटॉप साइट’वर टिक करा आणि मोबाईल आडवा धरा. अक्षरं बारीक दिसतात, डोळे दुखतात, पण ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ परीक्षेसारखं चालतं आणि पॅलेट उजवीकडे येतं. माऊस उजव्या हाताला, कच्चा कागद डाव्या बाजूला, आणि कीबोर्ड असेल तर त्याला हात लावायचा नाही, कारण परीक्षेत की दाबली तर आपला परीक्षेचा आयडी लॉक होतो. आमच्या अभ्यासिकेत आता आठवड्यातून एक मॉक सगळ्याजणी असाच देतो. ती रडलेली मुलगीही देते, आणि पेपर संपायच्या दोन मिनिटं आधी पॅलेट बघायचं हे तिनेच सगळ्यांना लावून दिलंय.