ह्यूमन प्रोटीन ॲटलस: गाठीतलं प्रथिन दिसतं, स्टेज दिसत नाही

एखादं प्रथिन गाठीच्या पेशींत आहे का, आणि असलंच तर पेशीपटलावर, पेशीद्रवात की केंद्रकात, हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर ह्यूमन प्रोटीन ॲटलस ही वेबसाइट उघडावी. स्वीडनमध्ये २००३ साली सुरू झालेला हा प्रकल्प मोफत आहे. नोंदणी नाही, जनुकाचं नाव टाकलं की पान समोर. चित्रं इतकी स्वच्छ की विद्यार्थ्यांना शिकवायलाही उत्तम. मात्र ‘हे प्रथिन वाढलं की स्टेज (गाठ शरीरात किती पसरली ती पायरी) वाढते का?’ असा प्रश्न घेऊन येणारे इथे हमखास फसतात.

कारण कॅन्सर विभागात दोन निराळ्या गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. पहिली, ऊतकाची चित्रं: अँटिबॉडी (ठरावीक प्रथिन ओळखणारा रेणू) चिकटली तिथे तपकिरी रंग, केंद्रकं निळी. प्रत्येक चित्रासोबत वय, लिंग, निदान, रंगाची तीव्रता आणि रंगलेल्या पेशींचं प्रमाण (२५ टक्क्यांहून कमी, २५ ते ७५, ७५ हून जास्त) मिळतं. टीएनएम (गाठीचा आकार, लसीकाग्रंथी आणि दूरचा प्रसार यांची स्टेज ठरवणारी नोंद) मिळत नाही. एका कॅन्सरचे जास्तीत जास्त साधारण १२ रुग्ण असतात. ते चार स्टेजमध्ये वाटले तर वाट्याला तीन-तीनच येतील. शिवाय तुकडा जेमतेम १ मिलिमीटर व्यासाचा. गाठीची आत घुसणारी कड त्यात आली नाही, तर स्टेजशी सर्वांत जवळचा भागच हातातून गेला.

निदानात ‘हाय ग्रेड’ दिसलं म्हणून ती पुढची स्टेज धरू नका. पेशी किती बिघडल्या हे ग्रेड सांगते, गाठ किती पसरली हे स्टेज. केआय-६७ हे प्रथिन किती पेशी विभागणीच्या चक्रात आहेत ते दाखवतं, म्हणून त्याचं नातं ग्रेडशी जास्त जुळतं. छोट्या, पहिल्या स्टेजच्या गाठीतही ते भरपूर असू शकतं.

दुसरी गोष्ट म्हणजे जगण्याच्या कालावधीचा आलेख. तो चित्रातल्या रुग्णांचा नाही आणि प्रथिनाचाही नाही. तो टीसीजीए या कॅन्सर-जनुकांच्या अमेरिकी प्रकल्पातल्या रुग्णांच्या आरएनएवर (प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून निघणारी प्रत) काढलेला आहे. आरएनए आणि प्रथिन नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. त्यातही ‘जास्त’ आणि ‘कमी’ गटांमधली सीमारेषा दोन्ही गटांत सर्वाधिक फरक पडेल अशा जागी निवडलेली असते, त्यामुळे पी-मूल्य (खरा फरक नसताना योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) आहे त्यापेक्षा देखणं दिसतं. सीमारेषा मध्यकावर आणून पाहा. फरक तिथे विरला तर त्या आलेखावर प्रबंधाचा डोलारा उभा करू नये.

चित्र पाहण्याआधी अँटिबॉडीचं पान वाचा. एचपीएने सुरू होणारा क्रमांक म्हणजे प्रकल्पाने स्वतः बनवलेली, सीएबी म्हणजे बाहेरून घेतलेली. विश्वासार्हतेच्या शेऱ्यांत ‘अनसर्टन’ असेल तर पुढे जाऊ नका. एकाच प्रथिनाच्या दोन अँटिबॉडी वेगवेगळ्या जागी रंग देत असतील तरी तेच. मग चित्र पूर्ण मोठं करा. तुकड्याच्या फक्त कडेला गडद रंग असेल किंवा मृत पेशींचा भाग तपकिरी झाला असेल, तर तो बहुधा खोटा रंग. ही तीव्रता एचईआर-२ च्या (स्तनाच्या कॅन्सरमध्ये तपासलं जाणारं प्रथिन) ० ते ३+ गुणांशी जुळवू नका. तिथे पेशीपटल पूर्ण रंगलं का हे पाहतात, मोजपट्टीच वेगळी आहे.

स्टेजनिहाय प्रथिन हवंच असेल तर युअलकॅन या वेबसाइटवर जा. तिथे सीपीटीएसी या कॅन्सर-प्रथिनांच्या प्रकल्पाची मास स्पेक्ट्रोमेट्रीची (रेणूंच्या वस्तुमानावरून प्रथिनं मोजण्याची पद्धत) मोजणी स्टेजप्रमाणे मांडलेली मिळते. प्रमाण झेड-मूल्यात असतं, म्हणजे त्या कॅन्सरच्या नमुन्यांच्या मध्यकापासून किती प्रमाण-विचलन दूर. दोन कॅन्सरांची झेड-मूल्यं एकमेकांशी ताडू नयेत. ग्लायोब्लास्टोमात स्टेज शोधू नका, मेंदूच्या अशा गाठींना ती देतच नाहीत.

या मोजणीची उणीव मात्र ॲटलसच भरून काढतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी ऊतक अख्खं कुटलं जातं, म्हणून फायब्रोनेक्टिनसारखं प्रथिन वाढलेलं दिसलं तर ते गाठीच्या पेशींचं की भोवतालच्या तंतुमय ऊतकाचं, हे आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी ॲटलसचं चित्रच उघडावं लागतं. आणि युअलकॅनच्या आलेखाखाली प्रत्येक स्टेजपुढे लिहिलेली नमुन्यांची संख्या आधी वाचा: चौथ्या स्टेजच्या रकान्यात मोजकेच नमुने असतील तर तिथला उतार-चढाव दोन-तीन रुग्णांचाही असू शकतो.